फळीत बसेल एवढी कविता

६ जानेवारी

ताई,

नमस्कार. वाकून करणार होतो, पण डॉक्टरांनी मला वाकायला बंदी केली आहे, तेव्हा हा उभ्याउभ्या केलेला समज.

तुला काळजी वाटू नये म्हणून आधीच सांगतो की बातमी वाईट आहे. मला हर्निया झाला आहे. पोटात आतल्या बाजूला एक पडदा असतो म्हणे. आयुष्यभर आपल्याला त्याच्याबद्दल कोणी सांगत नाही आणि फाटला की सगळे सांगतात. माझा उजवीकडे खाली फाटला आहे आणि तिथून आतडं बाहेर डोकावतं. लिंबाएवढी गाठ आहे. आडवा झालो की आत जाते, उभा राहिलो की पुन्हा हजर. मी शिंकणं बंद केलं आहे. खोकलाही दाबून ठेवतो. हसायचा तर प्रश्नच येत नाही.

झालं ते शिडीवर. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानाचा बोर्ड रंगवत होतो. ‘केशकर्त’ एवढं झालं होतं आणि ‘ना’ काढायला हात लांबवला तर पोटात काहीतरी सटकलं. मी तसाच खाली उतरलो. तेव्हापासून बोर्ड तेवढाच आहे. न्हावी रोज संध्याकाळी चौकशीला येतो. आधी वाटलं माझ्या तब्येतीची करतो, पण तो बोर्डाची करतो. गिऱ्हाइकं त्याला विचारतात म्हणे, की तुम्ही केस अर्धेच कापून देता का.

डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करणार आणि वरचा मी जागा राहणार. म्हणजे माझं पोट फाडताना मी तिथे हजर. नाही केलं तर एखाद्या दिवशी आतडं अडकेल, मग विचार करायला वेळ मिळणार नाही. आणि शिडी कायमची बंद. शिडी नसली तर मी काय रंगवणार? जमिनीवर उभं राहून लिहिता येईल असा एकच बोर्ड मला माहीत आहे, ‘येथे गाडी लावू नये’.

मुलगा म्हणतो, बाबा, शंभरात एखाद्यालाच त्रास होतो. तो एखादा कोण असतो, हे त्याला कळत नाही. मला कळतं. आमची ही असती तर ‘काही होत नाही’ एवढंच म्हणाली असती आणि मी गेलो असतो. तिच्या म्हणण्याला आधार काही नसायचा, पण ती म्हणायची अशी, की पटायचं. ती गेल्यापासून मला ‘काही होत नाही’ म्हणणारं कोणी उरलेलं नाही. देवासमोर बसलो तर मागण्याच मागण्या सुचतात, आणि त्यातली एखादी राहून गेली तर काय, या काळजीने उठतो.

तू लहानपणी कविता करायचीस. एखादी पाठव. धीर येईल अशी. मी ती फळीवर रंगवून खाटेसमोर लावणार आहे. मला वाचायची सवय नाही हे तुला माहीत आहे, पण रंगवलेलं माझ्या लक्षात राहतं.

कवितेत भीतीदायक काही नको.

तुझा धाकटा भाऊ

१४ जानेवारी

धाकल्या,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र वाचून मला तुझ्या आतड्याचे कौतुक वाटले. इतकी वर्षे तुझ्यासारख्या माणसाच्या पोटात राहून ते आत्ताच बाहेर पडायला निघाले.

ऑपरेशन करून घे. यात विचार करण्यासारखे काही नाही. माणसाने दवाखान्याला भिऊ नये. तारीख घे आणि मला कळव.

मी बरी आहे. सध्या घरातच असते. शेजारी मास्तरीणबाई आहेत, त्या येऊन जाऊन असतात.

कविता पाठवते आहे. हल्लीच केलेली आहे.

जीवाच्या नावेला वादळ भेटले,
शिडाचे फाटले वस्त्र जरी,
तुझाच रे हात सुकाणूवरती,
पैलतीर आता नाही दुरी.

सकाळ-संध्याकाळ म्हणावी.

तुझी ताई

२१ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. कविता चांगली असणार. पण मला काही अडचणी आहेत त्या लिहितो, राग मानू नकोस.

पहिली अडचण नाव. मला पोहता येत नाही.

दुसरी अडचण ‘फाटले वस्त्र’. माझा पडदा फाटला आहे हे मी तुला सांगितलं ते तुझ्यापुरतं. ते रंगवून भिंतीला लावायचं नव्हतं.

तिसरी अडचण मोठी आहे. पैलतीर. ताई, पैलतीर आता दूर नाही, हे तू मला ऑपरेशनच्या आधी सांगते आहेस. मी तर ऐलतीरावरच राहायचं म्हणतो आहे. सूनबाई म्हणाली, बाबा, तसा अर्थ नाही, पैलतीर म्हणजे संकटाच्या पलीकडे. असेल. पण मला ती ओळ वाचली की गाठीत दुखतं.

आणि देव सुकाणूवर बसला तर डॉक्टरांनी कुठे बसायचं, हेही बघायला पाहिजे.

तरी मी रंगवून बघितलं. माझ्याकडे एक सागवानी फळी होती, हातभर लांबीची. दोरी मारून रेघा आखल्या, खडूने अक्षरं मांडली. ‘जीवाच्या नावेला वादळ भे’ एवढंच बसलं. बारीक काढली तर खाटेवरून दिसणार नाहीत, आणि मी उठून बघायला गेलो तर गाठ बाहेर येईल. तेव्हा थोडी छोटी कर. घरगुती असावी. नाव, समुद्र, डोंगर, वीज, साप हे सगळं वगळून कर.

एक बरं वाटलं. तुझं अक्षर सुधारलं आहे. तुझा ‘ळ’ नेहमी पाय पसरून बसायचा. या पत्रात अगदी मांडी घालून बसला आहे.

न्हावी आता दोनदा येतो.

तुझा धाकटा भाऊ

२९ जानेवारी

धाकल्या,

आशीर्वाद. कविता म्हणजे शिवायला टाकलेला सदरा नव्हे, की इकडे आखूड कर आणि तिकडे सैल सोड. तरीही तू माझा एकच भाऊ आहेस म्हणून पुन्हा केली. पूर्ण घरगुती आहे. त्यात दिव्याखेरीज काही नाही.

दिव्याची ही वात उरलेली थोडी,
तेलाची काळजी तुला आहे,
वाऱ्याने हलते, विझत मात्र नाही,
अंधार दाराशी उभा राहे.

यात आता खोट काढू नकोस. अंधार दाराशीच उभा राहतो, आत येत नाही, असा अर्थ आहे. तू विचारण्याआधी सांगून टाकते.

आणि तारीख घेतलीस का ते लिहिले नाहीस. घाबरटपणा सोड. भीती ही मनाची असते. दवाखान्यात डॉक्टर असतात, राक्षस नसतात. मला विश्रांती घ्यायला सांगितली आहे म्हणून पत्र आटोपते घेते.

तुझी ताई

४ फेब्रुवारी

ताईस, किंवा हे पत्र ज्या कोणाच्या हाती पडेल त्यांस,

नमस्कार.

मी दोन्ही पत्रं खाटेवर शेजारी शेजारी मांडून बघितली. कविता वाचायची सोडून अक्षरं बघत बसलो. माझा जन्म अक्षरं काढण्यात गेला आहे. अर्थ मला चुकवू शकतो, अक्षर चुकवू शकत नाही. हे अक्षर ताईचं नाही. ताईचं वय आहे, या वयात ‘ळ’ सुधारत नाही. शिवाय ‘आहे’ वरची मात्रा उजवीकडून ओढलेली आहे. ताई डावीकडून ओढते. आणि ताई ‘विश्रांती’ हा शब्द माझ्या उभ्या जन्मात बोललेली नाही.

तेव्हा मला वाटतं ते लिहितो. ताई गेली आहे. ऑपरेशनच्या तोंडावर माझं मन खचू नये म्हणून तुम्ही कोणीतरी चांगल्या मनाचे लोक तिच्या नावाने पत्रं लिहीत आहात. तसं असेल तर मला स्पष्ट कळवावं. पण ऑपरेशनच्या आधी कळवू नये. नंतर लगेचही कळवू नये, टाके असतात.

मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, बाबा, आत्या तुम्हाला पत्रात घाबरट म्हणाली आहे ना, मग ती आत्याच आहे. यात अर्थ आहे. पण मला खात्री पाहिजे. म्हणून एक प्रश्न विचारतो, याचं उत्तर ताईलाच माहीत आहे. शाळेत देवीची लस टोचायला माणूस आला होता तेव्हा काय झालं?

उत्तर येईपर्यंत मी तारीख घेणार नाही.

कवितेचं सांगायचं राहिलं. ‘वात उरलेली थोडी’ हे मी घेतलं नाही, कारण स्पष्ट आहे. दाराशी कोण उभं आहे तेही घेतलं नाही, आमचं दार माझ्या खाटेसमोर आहे. मधली ओळ बरी वाटली. तीही फळीवर बसेना. आधी ‘वाऱ्याने’ काढलं, कारण वारा म्हटलं की मला शिंक येते. मग ‘मात्र’ काढलं, ते उगाच जागा खात होतं. उरलं ते बरोबर बसलं, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मोकळी सोडून:

हलते, विझत नाही

निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं काढली आहेत. सूनबाईला वाटलं ही स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटची तक्रार आहे. तिने इलेक्ट्रिशियन बोलावला. तो वायर बदलून गेला आणि ट्यूब आता खरंच हलत नाही.

मी फळीकडे बघत पडून असतो. ती माझ्याकडे बघते. अजून तरी कोणाचं काही बिघडलेलं नाही.

भाऊ (तुमचा की ताईचा ते उत्तरावरून ठरेल)

११ फेब्रुवारी

गाढवा,

मी जिवंत आहे.

लस टोचायला माणूस आला तेव्हा तू बाकाखालून सरपटत जाऊन नकाशांच्या कपाटात शिरलास आणि आतून दार धरून बसलास. गुरुजी पट घेऊन नावे पुकारत होते. तुझे नाव आले तेव्हा मी तुझी टोपी घातली आणि दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिले. दोन्ही दंडांवर टोचून घेतले आणि तापाने फणफणले. तू मला बरे वाटावे म्हणून माझ्या वाटणीचा खाऊ खाऊन टाकलास. पटली खात्री? की आणखी सांगू, या मास्तरीणबाईंच्या समोर?

(येथे ताईंनी एक शब्द वापरला होता, तो मी लिहिलेला नाही. – लेखनिक)

अक्षर मास्तरीणबाईंचे आहे. तुझी पहिली चिठ्ठी यायच्या आधीच मी स्टुलावरून पडले. वरच्या फळीवरचा डबा काढायला गेले होते. उजवे मनगट मोडले. तुला कळवले असते तर तू तुझी गाठ हातात धरून इथे आला असतास आणि मग मला दोघांचे करावे लागले असते. म्हणून बाईंना म्हटले, मी सांगते, तुम्ही लिहा. तू ‘ळ’ वरून ओळखशील हे माझ्या डोक्यात आले नाही. बाईंना आता आपल्या ‘ळ’ चा अभिमान वाटू लागला आहे.

(अभिमान नाही. समाधान आहे. – लेखनिक)

आणखी एक सांगते. ती नाव आणि वादळ तुझ्यासाठी केलेले नव्हते. मी पडले ती दुपारची वेळ. उठता येईना. दाराला आतून कडी. बाई शाळेतल्या कोणाच्या समारंभाला गेलेल्या. फरशीवर पडून किती वेळ छताकडे बघायचे? रडू येऊ लागले. मी म्हटले, रडत बसण्यापेक्षा ओळी जुळवू. ‘दुरी’ ला ‘जरी’ सापडेपर्यंत बाई परत आल्या आणि त्यांनी खिडकीतून हाका मारल्या. तेव्हा मला पैलतीर म्हणजे उंबरठा वाटत होता. तुला त्यात मरण दिसले. ज्याची त्याची नजर.

तुझी फळी मला आवडली. माझ्या चार ओळी कापून तू तीन शब्द ठेवलेस. मी दोन दिवस रागावले आणि मग तेच म्हणत बसले.

आता तारीख घे.

तुझी (जिवंत) ताई

ता. क. हे मी ताईंना न दाखवता लिहीत आहे. आपण त्यांचे बंधू, म्हणून कळवणे भाग आहे. ताईंचे हाड वाकडे जुळले आहे. डॉक्टर म्हणतात, गुंगी देऊन हाड पुन्हा सरळ बसवावे लागेल, नाहीतर हा हात लिहिण्याच्या आणि वेणी घालण्याच्याही कामाचा राहणार नाही. त्याला मुदत थोडी आहे. ताई तयार नाहीत. दवाखान्याचे नाव काढले की त्यांना धुवायची भांडी आठवतात. आपल्याला ‘घाबरटपणा सोड’ असे सांगताना त्या डाव्या हाताने डॉक्टरांची चिठ्ठी डब्याखाली सरकवत होत्या. मी लिहून घेतले, पण मला वाईट वाटले. – लेखनिक

१६ फेब्रुवारी

ताई,

मास्तरीणबाईंवर रागवू नकोस. त्यांनी सगळं लिहिलं आहे.

मी आयुष्यात तुला कधी रागावलेलो नाही, त्यामुळे मला ते नीट येणार नाही. तरी प्रयत्न करतो. ताई, हे बरोबर नाही. तू मला राक्षस नसतात म्हणून लिहितेस आणि स्वतः भांडी घासायला पळतेस. एका हाताने.

तुझं ते पत्र वाचून मी दिवसभर फळीसमोर बसून होतो. मला वाटत होतं की घाबरण्याचं खातं माझं आणि धीराचं तुझं. लहानपणीच तशी वाटणी झाली आहे. आता तूही माझ्या खात्यात आलीस तर तिकडे कोण बघणार? मला इतकं घाबरायला झालं, की गाठीची भीती कमी पडली. मी उठलो आणि दवाखान्यात जाऊन तारीख घेतली. मंगळवारची मिळाली. घरी आल्यावर कळलं आपण काय केलं. तोपर्यंत सूनबाईने पिशवी भरायला घेतली होती.

तू माझी सुई घेतली होतीस. तुझी मी घेऊ शकलो असतो तर घेतली असती, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला लिहू, नसती घेतली. माझी स्वतःची मात्र घेतो. मंगळवारी सकाळी मी तिकडे आडवा असेन. तू तुझ्या डॉक्टरकडे जा. कधी जायचं ते तू ठरव, पण हाड घट्ट व्हायच्या आत.

सोबत फळी पाठवतो आहे. ती आता तुला लागेल. रंग पूर्ण वाळला आहे, तरी उन्हात ठेवू नकोस. माझी जागा रिकामी दिसते आहे. भिंतीवर खिळा तेवढा आहे. खिळ्याकडे बघूनही म्हणता येतं का ते बघतो.

मास्तरीणबाईंना सांग, तुमचा ‘ळ’ खरंच चांगला आहे. मात्रा तेवढी डावीकडून ओढा.

तुझा धाकटा भाऊ

२७ फेब्रुवारी

ताई,

मी आहे.

टाके आहेत, तेही आहेत. खोकायचं झालं तर पोटावर उशी धरून खोकायचं असतं. मी खोकत नाही, पण उशी धरून ठेवली आहे.

आता झालं ते सांगतो. मला आत नेलं तेव्हा फळी नव्हती आणि खिळाही नव्हता. कमरेत सुई दिली. ताई, तू दोन घेतल्या होत्यास, मी एक घेतली. थोड्या वेळाने माझे पाय दुसऱ्या कोणाचे तरी झाले. छातीवर आडवा हिरवा पडदा लावला. पडद्याच्या पलीकडे मोठे डॉक्टर आणि माझं पोट, अलीकडे मी आणि भूल देणारी डॉक्टरीणबाई. मोठे डॉक्टर त्यांच्या गाडीचा गिअर अडकतो, त्याबद्दल बोलत होते. मला वाटलं, बोलावं, पण लक्ष माझ्याकडे ठेवून बोलावं.

मी कविता म्हणायला घेतली. तर आठवेना. सगळं डोकं पुसल्यासारखं कोरं. आणि काय आलं असेल सगळ्यात आधी? पैलतीर. ज्या पैलतीराला मी घराबाहेर काढलं होतं ते तिथे आत येऊन बसलं. मग नाव आली, वादळ आलं, फाटकं शीड आलं. मी घाबरून उठायलाच निघालो असतो, पण अंग माझं नव्हतं. मग मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात फळी आखायला घेतली. दोरी मारली. वरची रेघ, खालची रेघ. निळी जमीन. ‘ह’ काढला, ‘ल’ काढला. ‘ते’ वरची मात्रा डावीकडून ओढली. तसतशी छाती खाली बसू लागली. ‘हलते’ झालं तेव्हा मी ते मोठ्याने म्हटलं असावं.

पलीकडचे हात थांबले. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, “काय हलतंय?”

डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडाशी कान नेला आणि सांगितलं, “बाबा म्हणतायत, हलते, विझत नाही.”

तेव्हा सगळ्यांनी मान वर करून डोक्यावरचा तो मोठा दिवा बघितला. एकाने त्याला हात लावून खात्री केली. मग डॉक्टरीणबाई हसल्या आणि मला विचारलं, कोणाची ओळ आहे ही. मी म्हटलं, “बहिणीची. थोडी माझी. थोडी फळीची.”

मग त्याच ती म्हणत राहिल्या, मी चुकलो की. खालचं काम चालू होतं.

ताई, तुला एक गोष्ट सांगायची आहे, हसू नकोस. तेव्हा मी देवाकडे काही मागत नव्हतो. मला वाचव, टाके नीट पडू देत, हे काहीच नाही. मी नुसता सांगत होतो, की बाबा रे, मी इथे आहे, हलतो आहे. आणि कोणीतरी ऐकत होतं. डॉक्टरीणबाई असतील. पण मला आमची ही आठवली. ‘काही होत नाही’ म्हणताना तिचा जसा आवाज लागायचा, तसं आत काहीतरी लागलं. तिच्या म्हणण्यालाही आधार नसायचाच.

वॉर्डमध्ये शेजारच्या खाटेवर ट्रक चालवणारा आहे. माणूस दरवाजाएवढा, त्याचं पित्ताशय काढायचं होतं. आदल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून रडत होता. मला म्हणाला, चाचा, घाट उतरताना ब्रेक गेला तरी मी रडलो नव्हतो. मी म्हटलं, तेव्हा स्टिअरिंग तुझ्या हातात होतं. मग त्याला ओळ दिली. वर हेही सांगितलं की काढून घेतलेला शब्द ‘वाऱ्याने’, पाहिजे असेल तर घे. तो म्हणाला, नको, एवढी पुरते. सुखरूप परत आला. आता म्हणतो आहे, बरा झालात की ट्रकच्या मागे लिहून द्या. जागा फक्त मागच्या लाल दिव्याखाली शिल्लक आहे. मी त्याला सांगितलं, तिथे लिहिलं तर पोलीस तुला रोज थांबवतील. तो म्हणतो, थांबवू देत, त्यांनाही सांगेन.

न्हावी भेटायला आला होता. येताना त्याने बोर्डाचं नाव काढलं नाही. जाताना काढलं.

हे सगळं खरं, पण तुझं पत्र नाही. मास्तरीणबाईंचंही नाही. फळी पोचल्याची पोच नाही. तू गेलीस की नाही ते कळत नाही. म्हणजे दवाखान्यात गेलीस की नाही. मला पुन्हा नको ते सुचायला लागलं आहे आणि आता ते सुचलं की टाक्यांत ओढ बसते. कोणीही लिहा, कोणत्याही अक्षरात लिहा. मी मात्रा बघणार नाही.

तुझा धाकटा भाऊ

१२ मार्च

धाकल्या,

मास्तरीणबाईंना आज लिहू दिलेलं नाही. बोटं प्लास्टरच्या बाहेर आहेत, त्यांनीच लिहिते आहे. तेव्हा थोडंच.

फळी आली. मी ती कपाटावर पालथी ठेवली. तुझं ऑपरेशन झाल्याचं पत्र आलं तेव्हा सुलटी केली. दुसऱ्या दिवशी गेले. बाईंनी फळी काखेत धरून आणली होती. दवाखान्यातल्या माणसाला वाटलं, हा दवाखान्याचाच बोर्ड आहे. त्याने तो हाडांच्या खोलीच्या दारावर टांगला. बाहेर बसलेली सगळी माणसं वाचत बसली. एक म्हातारा म्हणाला, हाड हलतं हे कळलं, विझतं कसं? बाई त्याला अर्थ सांगत बसल्या आणि मला भ्यायला सोबत उरली नाही. मग मी एकटीच आत गेले. आत म्हटलं. तू म्हटलंस तसंच, काही न मागता.

गुंगीत मी डॉक्टरांकडे तुझी टोपी मागितली म्हणे.

हाड सरळ बसलं आहे. फळी परत मागितली तर ते देईनात, आणखी एक दिवस राहू द्या म्हणतात. तू बरा झालास की माझ्यासाठी दुसरी कर. न्हाव्याचं आधी कर.

ही तिसरी ओळ आहे जी खाली घसरली. ‘ळ’ बघ, परत पाय पसरून बसला. अक्षर हलतं आहे. पुढचं तुला पाठ आहे.

ताई